मोबाईलवरून स्वतःची सचित्र, बोलकी कथा कशी प्रकाशित करायची? संपूर्ण माहिती

लहानपणी झोपताना ऐकलेली एखादी गोष्ट आठवते का? बहुतेक वेळा गोष्टीसोबत ती सांगणाऱ्याचा आवाजही आठवतो. आता समजा, तुमच्या डोक्यात अशीच एक गोष्ट आहे. त्यातलं गाव कुठल्याच नकाशावर नाही. तिथे पाऊस आभाळातून पडत नाही, जमिनीतून वर जातो. तुम्ही गोष्ट लिहिली, मैत्रिणीने चित्रं काढली आणि आजीने ती वाचून दाखवली. ही गोष्ट लोकांपर्यंत पोचवण्यासाठी आज प्रकाशकाच्या दारात जावंच लागतं असं नाही. बरीचशी कामं मोबाईलवर होतात.

पण "पब्लिश" बटण दाबण्याआधी काही गोष्टी माहीत असायला हव्यात. नाहीतर चित्रं धूसर दिसतात, आवाजात पंखा ऐकू येतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्वतःच्याच गोष्टीवरचा हक्क हातातून जातो. या लेखात आपण लेखनापासून हक्कांपर्यंत सगळं क्रमाने पाहू.

सेल्फ पब्लिशिंग म्हणजे काय?

लेखकाने स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्या जबाबदारीवर पुस्तक काढणं म्हणजे सेल्फ पब्लिशिंग. हे काही इंटरनेटमुळे सुरू झालेलं नाही. इंग्लंडमधल्या बिअ‍ॅट्रिक्स पॉटर यांची पीटर रॅबिटची सचित्र गोष्ट अनेक प्रकाशकांनी परत पाठवली होती. शेवटी त्यांनी डिसेंबर १९०१ मध्ये स्वतःच्या पैशाने २५० प्रती छापल्या. पुढच्याच वर्षी एका प्रकाशन संस्थेने ते पुस्तक रंगीत चित्रांसह बाजारात आणलं.

अलीकडचं उदाहरण म्हणजे क्रिस्टोफर पाओलिनी. अमेरिकेतल्या या तरुणाने अलगेशिया नावाचं जग कल्पिलं. त्यावरची 'एरागॉन' ही कादंबरी २००२ मध्ये त्याच्या कुटुंबानेच छापली. आतला नकाशा त्याने स्वतः काढला होता. २००३ मध्ये मोठ्या प्रकाशकाने ती घेतली. दोघांकडे कल्पना होती आणि स्वतः काढलेली चित्रं होती. त्यांच्याकडे नव्हता तो आपल्या खिशातला मोबाईल.

पायरी १: कथा कोणत्या रूपात हवी ते आधी ठरवा

सचित्र आणि बोलकी कथा मुख्यतः चार रूपांत देता येते.

१. ई-बुक आणि वेगळा ऑडिओ: मजकूर आणि चित्रं ई-बुकमध्ये, आवाज यूट्यूबवर किंवा पॉडकास्टमध्ये. ई-बुकच्या पहिल्या पानावर ऑडिओची लिंक द्यायची. नवशिक्यांसाठी हा सगळ्यात सोपा मार्ग.

२. व्हिडिओ: चित्रं एकामागून एक दिसतात, मागे आवाज चालतो, खाली सबटायटल येतात.

३. फक्त ऑडिओ: पॉडकास्टच्या रूपात. चित्र एकच, कव्हरचं.

४. वाचता वाचता बोलणारं ई-बुक: ईपब ३ या फॉरमॅटमध्ये 'मीडिया ओव्हरले' नावाची सोय असते. आवाज पुढे जाईल तसं वाक्य रंगत जातं. हा फॉरमॅट २०११ पासून आहे, पण अशी फाइल बनवायला कॉम्प्युटर आणि थोडा सराव लागतो. शिवाय प्रत्येक रीडर अ‍ॅप ही सोय देत नाही आणि किंडलच्या ई-बुकमध्ये ऑडिओ टाकता येत नाही.

पहिल्या कथेसाठी १ आणि २ पुरेसे आहेत. रूप आधी ठरवायचं कारण साधं आहे: व्हिडिओला आडवी चित्रं लागतात, मोबाईलवरच्या ई-बुकला उभी शोभतात. दहा चित्रं काढून झाल्यावर हे कळलं तर पुन्हा सगळं काम आलंच.

पायरी २: जगाची वही बनवा

कल्पनेतलं जग म्हणजे "काहीही चालतं" असं नाही. उलट इथे नियम जास्त कडक पाळावे लागतात, कारण वाचकाकडे दुसरा आधारच नसतो. मोबाईलच्या नोट्समध्ये एक वही उघडा आणि एवढंच लिहा:

- एक मोठा बदल: पाऊस जमिनीतून वर जातो.
- त्याचे तीन परिणाम: घराचं छप्पर गळत नाही, जमीन गळते. लोक छत्री डोक्यावर नाही, पायाखाली धरतात. धान्य वाळवायचं तर उंच मचाणावर, खाली ताडपत्री अंथरून.
- नावांची यादी: माणसं, गावं, प्राणी, वस्तू. प्रत्येक नावाचं स्पेलिंग एकदाच ठरवायचं.
- उच्चार: मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत. 'चार' मधला च वेगळा, 'चारा' मधला वेगळा. 'जेवण' आणि 'जाळं' यांचंही तसंच. ओळखीचा शब्द आपण सवयीने बरोबर वाचतो, पण 'जारूळ' हे तुम्ही बनवलेलं नाव आजीने कसं वाचायचं? ते तुम्हीच सांगायला हवं.

कथा छोटी ठेवा. १२०० ते १५०० शब्द पहिल्या प्रयत्नाला भरपूर झाले. एक मिनिट मोठ्याने वाचा, किती शब्द झाले ते मोजा आणि त्यावरून ऑडिओ किती मिनिटांचा होईल याचा अंदाज घ्या. १२ मिनिटांच्या वर जात असेल तर कात्री लावा.

संवादात मालवणी, वऱ्हाडी किंवा अहिराणी वापरायची असेल तर जरूर वापरा. मात्र ती बोलणारा माणूस वाचायला बसवा. दुसऱ्याने केलेली नक्कल लगेच कळते, आणि ऐकणाऱ्याला ती टोचते.

पायरी ३: चित्रं

किती हवीत? १५०० शब्दांच्या कथेला कव्हर धरून ८ ते १० चित्रं छान बसतात. व्हिडिओ करणार असाल तर जास्त लागतील, पण एकाच मोठ्या चित्राचे वेगवेगळे भाग जवळून दाखवूनही काम भागतं.

कशावर काढायची? मोबाईलवर आयबिस पेंटसारखी अ‍ॅप्स आहेत. कॉम्प्युटर असेल तर क्रिता हे मोफत सॉफ्टवेअर आहे. कागदावर काढलं तरी चालतं. दिवसाच्या उजेडात, सावली न पडू देता स्कॅन करा.

लक्षात ठेवायच्या गोष्टी:

- आधी मुख्य पात्राचं एक 'ओळखपत्र' काढा: समोरून, बाजूने, उंची, कपडे, रंग. नाहीतर तिसऱ्या पानावरची मुलगी सातव्या पानावर वेगळीच दिसते.
- मूळ चित्र मोठ्या आकारात काढा. किंडल ई-बुकच्या कव्हरसाठी २५६० पिक्सेल उंची आणि १६०० पिक्सेल रुंदी सुचवलेली आहे. व्हिडिओसाठी किमान १९२० बाय १०८०.
- व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र 'फोटो' म्हणून पाठवलं की त्याचा दर्जा कमी होतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.
- शाई-पडद्याच्या साध्या किंडलवर रंग दिसत नाहीत. "निळं फूल ओळखा" यावरच कथा अडकलेली असेल तर चित्रात फुलाचा आकारही वेगळा ठेवा.

चित्र काढता येत नसेल तर? प्रथम बुक्सचा स्टोरीवीव्हर हा प्लॅटफॉर्म २०१५ पासून सुरू आहे. तिथली चित्रं सहसा 'सीसी बाय ४.०' या खुल्या लायसन्सखाली असतात. म्हणजे चित्रकाराचं नाव आणि लायसन्स नीट नमूद करून ती वापरता येतात. गूगलवर सापडलेलं चित्र मात्र 'फुकट' नसतं, हे कायम लक्षात ठेवा.

एआयने बनवलेली चित्रं? अमेरिकेतल्या क्रिस काश्तानोवा यांच्या 'झारिया ऑफ द डॉन' या चित्रकथेतली चित्रं मिडजर्नीने बनवलेली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ठरवलं की लिहिलेल्या मजकुराला आणि मांडणीला संरक्षण आहे, पण त्या चित्रांना नाही. हा अमेरिकेतला निर्णय आहे. तरीही धडा सरळ आहे: फक्त प्रॉम्प्ट देऊन आलेल्या चित्रावर तुमचा हक्क आहेच असं धरून चालू नका. अ‍ॅमेझॉनच्या केडीपीवर सप्टेंबर २०२३ पासून पुस्तकात एआयने बनवलेला मजकूर, चित्र किंवा भाषांतर असेल तर अपलोड करताना ते सांगावं लागतं.

पायरी ४: मजकूर आणि फॉन्ट

टायपिंग युनिकोडमध्येच करा. मोबाईलचा मराठी कीबोर्ड युनिकोडच वापरतो, त्यामुळे काळजी नाही. डीटीपीवाल्याकडून जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप करून आणलेली फाइल असेल तर ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. नाहीतर वाचकाच्या स्क्रीनवर चित्रविचित्र अक्षरं दिसतील.

फॉन्ट नोटो सान्स देवनागरी, मुक्ता किंवा बालू यांपैकी घ्या. हे खुल्या लायसन्सचे आहेत, पुस्तकात वापरायला पैसे लागत नाहीत. फाइलची भाषा 'मराठी' अशी निवडायला विसरू नका. काही फॉन्टमध्ये हिंदी आणि मराठीसाठी ल आणि श ची वळणं वेगळी असतात. भाषा बरोबर निवडली तरच मराठी वळण येतं. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतला फरकही शेवटच्या फाइलमध्ये एकदा डोळ्यांनी तपासा. गोष्टीतल्या लोकांना दऱ्या ओलांडायच्या असतील आणि स्क्रीनवर समुद्र आला तर घोळ होईल.

ई-बुकची फाइल बनवण्यासाठी गूगल डॉक्स पुरे. कथा टाइप करा, चित्रं जागेवर टाका आणि फाइल ईपब फॉरमॅटमध्ये सेव्ह करा. ही सोय अँड्रॉइडच्या डॉक्स अ‍ॅपमध्येही मिळते.

पायरी ५: आवाज

चांगला माइक नसला तरी चालेल, पण शांत खोली हवीच.

१. कपड्यांचं कपाट उघडून त्यासमोर बसा, किंवा भिंतीला गोधडी टांगा. कापड प्रतिध्वनी शोषून घेतं.
२. पंखा, फ्रिज, टीव्ही बंद. मोबाईल एअरप्लेन मोडवर. पहाटे किंवा रात्री रेकॉर्ड केलं तर रस्त्याचा आवाज कमी येतो.
३. मोबाईल तोंडापासून एक वीतभर, थोडा बाजूला धरा. समोर धरला तर 'प' आणि 'फ' म्हणताना हवेचा धक्का बसतो.
४. सुरुवातीला दहा सेकंद काहीच बोलू नका. खोलीची ही शांतता पुढे खरखर काढताना उपयोगी पडते.
५. चूक झाली तर थांबवू नका. एक टाळी वाजवा आणि ते वाक्य पुन्हा वाचा. एडिटिंग करताना टाळीची उंच रेघ लगेच दिसते.
६. मूळ रेकॉर्डिंग वेव्ह फॉरमॅटमध्ये, ४४.१ किलोहर्ट्झवर ठेवा. एमपी३ शेवटी बनवा.

एडिटिंगसाठी मोबाईलवर बँडलॅब आणि कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी, दोन्ही मोफत वापरता येतात. आवाजाची पातळी किती असावी? ऑडिबलच्या एसीएक्स या सेवेचं माप उपयोगी आहे: सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, सर्वात मोठा आवाज उणे ३ च्या खाली आणि मागची खरखर उणे ६० च्या खाली.

पार्श्वसंगीत यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतून घ्या. सिनेमातल्या गाण्याची धून "फक्त दहा सेकंद" वापरली तरी कॉपीराइट क्लेम येऊ शकतो.

महत्त्वाची टीप: मूळ फाइल किमान दोन ठिकाणी ठेवा. कथा पुन्हा लिहिता येते, चित्र पुन्हा काढता येतं. आजीचा आवाज पुन्हा मिळेलच असं नाही.

पायरी ६: कुठे प्रकाशित कराल?

केडीपी: अ‍ॅमेझॉनची ई-बुक सेवा. भाषेच्या यादीत मराठी आहे. रॉयल्टीचे ३५ टक्के आणि ७० टक्के असे दोन पर्याय असतात, त्यांच्या अटी वेगळ्या आहेत. ७० टक्क्यांच्या पर्यायात फाइलच्या आकारानुसार डिलिव्हरीचा खर्च कापला जातो. त्यामुळे सचित्र पुस्तकाने जपून राहावं. दर चित्र २ एमबीचं ठेवलं तर दहा चित्रांचे २० एमबी होतात, ३०० केबीचं केलं तर ३ एमबीच. 'केडीपी सिलेक्ट' घेतलं तर ९० दिवस ते ई-बुक डिजिटल रूपात दुसरीकडे कुठेही देता येत नाही. म्हणजे तीच कथा प्रतिलिपीवर टाकली तर नियम मोडतो.

गूगल प्ले बुक्स: ईपब अपलोड करता येतं. मीडिया ओव्हरले असलेली फाइल पुढे करायची असेल तर हा पर्याय लक्षात ठेवा.

प्रतिलिपी: २०१४ मध्ये बंगळुरूत सुरू झालेला प्लॅटफॉर्म. मराठी वाचक इथे आधीपासून आहेत. मजकूर मुख्य, चित्रांना जागा कमी.

स्टोरीवीव्हर: मुलांच्या सचित्र गोष्टींसाठी. इथे प्रकाशित केलेली गोष्टही 'सीसी बाय ४.०' खाली जाते. कोणीही तिचं भाषांतर करू शकतं, बदल करू शकतं, अगदी विकूही शकतं. फक्त नाव द्यावं लागतं. गोष्ट दूरवर पोचावी असं वाटत असेल तर उत्तम. पुढे विकायची असेल तर आधी नीट विचार करा.

यूट्यूब: चित्रं आणि आवाज इनशॉट किंवा काइनमास्टरमध्ये जोडा. सबटायटलची एसआरटी फाइल वेगळी द्या. गोष्ट लहान मुलांसाठी असेल तर 'मुलांसाठी बनवलेलं' हा पर्याय निवडावा लागतो. मग कमेंट बंद राहतात आणि पाहणाऱ्याच्या आवडीनुसार दिसणाऱ्या जाहिरातीही.

पायरी ७: हक्क. हा भाग वगळू नका

भारतात कॉपीराइट कायदा १९५७ नुसार कथा लिहिली की कॉपीराइट आपोआप तयार होतो. नोंदणी सक्तीची नाही. पुरावा हवा असेल तर सरकारी कॉपीराइट कार्यालयाच्या वेबसाइटवर अर्ज करता येतो. साहित्यकृतीसाठी फी ५०० रुपये आहे. संरक्षण लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतं.

पण "कथा माझी" म्हणजे "सगळं पुस्तक माझं" असं होत नाही. मैत्रिणीने काढलेल्या चित्रांवर तिचा हक्क असतो. आजीच्या वाचनालाही कायद्यात 'सादरकर्त्याचा हक्क' म्हणून जागा आहे. मैत्री आहे तोवर कोणी विचारत नाही. पुस्तकाला पैसे मिळायला लागले किंवा कोणी व्हिडिओसाठी कथा मागितली की प्रश्न सुरू होतात. म्हणून एक पानाचा कागद करा. त्यात एवढं असावं:

- कोणती चित्रं किंवा रेकॉर्डिंग, त्यांची यादी
- कशासाठी वापरणार: ई-बुक, व्हिडिओ, छापील पुस्तक
- किती वर्षांसाठी आणि कोणत्या देशांत
- पैसे किंवा रॉयल्टीचा वाटा किती
- नाव कुठे आणि कसं छापणार
- दोघांच्या सह्या आणि तारीख

हक्क कायमचे दुसऱ्याला द्यायचे असतील तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. कागदावर मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो. देश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतो. ई-बुक तर पहिल्या दिवसापासून जगभर दिसतं!

पॉटर यांच्याच पुस्तकाचं पाहा. अमेरिकेत त्यांच्या प्रकाशकाने कॉपीराइटची नोंद केली नाही आणि तिथे परवानगीशिवाय आवृत्त्या निघाल्या. तेव्हाचे नियम आजच्यासारखे नव्हते, पण कागदाकडे दुर्लक्ष केल्याची किंमत तीच आहे.

पॅकेजवाल्यांपासून सावध

"फक्त इतक्या हजारांत पुस्तक, आयएसबीएन आणि पुरस्कार" अशा जाहिराती दिसतील. पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा. करारात "सर्व हक्क" असे शब्द आहेत का? संपादन नक्की कोण करणार? मूळ फाइल परत मिळणार का? उत्तर लेखी देत नसतील तर तिथून उठा. आणि आयएसबीएनसाठी कोणालाही पैसे देऊ नका. भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून तो मोफत मिळतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझं वय १८ पेक्षा कमी आहे. प्रकाशित करता येईल का?
कॉपीराइट तुमचाच असतो, वयाची अट नाही. पण केडीपीचं खातं आणि करार पालकांच्या नावाने करावे लागतात. भारतीय कायद्यात अज्ञान व्यक्तीने केलेला करार ग्राह्य धरत नाहीत.

ई-बुकसाठी आयएसबीएन लागतोच का?
केडीपीवर ई-बुकला लागत नाही. अ‍ॅमेझॉन स्वतःचा क्रमांक देतं.

मशीनचा आवाज वापरला तर?
चालतो, पण बनवलेली नावं आणि च, ज, झ चे उच्चार चुकू शकतात. एकदा पूर्ण ऐकल्याशिवाय टाकू नका. आणि एखाद्या खऱ्या माणसाच्या आवाजाची नक्कल त्याच्या परवानगीशिवाय करू नका.

कमाई किती होईल?
पहिल्या कथेतून मोठी कमाई धरू नका. पहिल्या कथेचं काम असतं ते म्हणजे तुम्हाला सगळी प्रक्रिया शिकवणं आणि दुसऱ्या कथेसाठी वाचक मिळवणं.

प्रकाशित करण्याआधी शेवटची तपासणी

- नावं सगळीकडे सारखीच लिहिली आहेत का?
- स्वस्त मोबाईलवर चित्रं आणि अक्षरं नीट दिसतात का?
- हेडफोन लावून पूर्ण ऑडिओ एकदा ऐकला का?
- चित्रकार आणि वाचणाऱ्याचं नाव पहिल्या पानावर आहे का?
- सह्यांचा कागद झाला का?
- मूळ फाइल दोन ठिकाणी आहेत का?

सहाही उत्तरं "हो" असतील तर बटण दाबा. त्याआधी एक काम मात्र करा: दहा-बारा वर्षांच्या एखाद्या मुलाला गोष्ट ऐकवा आणि त्याच्याकडे पाहत राहा. तो कुठे मोबाईल मागतो, कुठे "पुढे काय झालं?" विचारतो, हे पाहून काय कापायचं आणि काय ठेवायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल.